फाटक आणि डॉक यांच्या मधला वेळ

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आमणे हे गाव भिवंडी तालुक्यात आहे. म्हणजे राज्यातला सर्वांत वेगवान रस्ता राज्यातल्या सर्वांत मोठ्या गोदामपट्ट्याच्या दाराशी येऊन संपतो. नागपूर-मुंबई प्रवास १६ तासांवरून ८ तासांवर आला असं सरकार सांगतं. मालाच्या ट्रकला त्याहून जास्त वेळ लागतो, तरी बचत खरी आहे आणि तिच्यासाठी ५० हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आहेत. आता हाच ट्रक गोदामाच्या फाटकाशी पोहोचल्यावर काय होतं ते पाहायला हवं. चालक कागद दाखवतो, सुरक्षारक्षक वहीत गाडीचा क्रमांक लिहून घेतो आणि नंबर लागला की बोलावतो म्हणून सांगतो. नंबर कधी लागणार हे त्या रक्षकाला माहीत नसतं. पुष्कळदा आतल्या सुपरवायझरलाही नसतं. महामार्गावर वाचलेले तास फाटक आणि डॉक यांच्या मधल्या दोन-तीनशे मीटरांत सहज संपून जातात. हा वेळ मुख्यतः जागा अपुरी आहे म्हणून जात नाही, यंत्रं नाहीत म्हणूनही जात नाही. गाडी किती वेळ उभी राहणार हे ज्याच्या हातात आहे, त्याला त्या वेळेची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तो जातो.

आधी ही जागा नीट समजून घेऊ. जुन्या पद्धतीच्या गोदामात माल महिनोन्महिने पडून असायचा, त्यामुळे दिवसाला चार गाड्या आल्या काय आणि सहा आल्या काय, फारसं बिघडत नसे. वितरण केंद्राचं तसं नाही. इथे माल येतो, उघडला जातो, दुकानांप्रमाणे किंवा गावांप्रमाणे वेगळा केला जातो आणि दिवस-दोन दिवसांत पुन्हा गाडीत चढतो. इमारतीच्या एका बाजूला साधारण चार फूट उंचीचा सलग ओटा असतो, त्यात ओळीने दरवाजे असतात. गाडीची मागची बाजू ओट्याला टेकली की फोर्कलिफ्ट थेट आत जाऊ शकते. हे डॉक. डॉकसमोरचं मोकळं आवार म्हणजे यार्ड. या यार्डात एकाच वेळी भरलेल्या गाड्या खाली होण्याची वाट पाहतात, रिकाम्या गाड्या भरण्याची वाट पाहतात, भरून तयार असलेल्या गाड्या कागदांसाठी अडलेल्या असतात, औषधं किंवा आइस्क्रीम घेऊन आलेल्या थंड गाड्यांना विजेची जोडणी हवी असते, आणि एखादी गाडी बिल्टीवरचा, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवरचा, मजकूर आणि मालाची मोजणी जुळत नाही म्हणून कोपऱ्यात उभी केलेली असते. यातली कोणती गाडी आता कोणत्या डॉकला लावायची, हा निर्णय दिवसातून शेकडो वेळा घ्यावा लागतो. तो चुकला की संध्याकाळी निघायलाच हवा असलेला माल सर्वांत मागे अडकलेल्या गाडीत राहतो, आणि ती काढण्यासाठी पुढच्या चार गाड्या हलवाव्या लागतात. असं असूनही अनेक यार्डांत फाटकावरची वही हीच एकमेव नोंद असते. गाडी आत आली एवढं त्या वहीवरून कळतं. ती आत कुठे उभी आहे, भरलेली आहे की रिकामी, किती वेळ उभी आहे, हे कळण्यासाठी कुणाला तरी आवारभर फिरून पाहावं लागतं किंवा चालकाला फोन करावा लागतो. रेल्वेगाडी वेळेवर येऊनही फलाट रिकामा नाही म्हणून आउटर सिग्नलला उभी राहावी, तसं हे आहे. फरक इतकाच, की रेल्वेत कोणती गाडी कुठे उभी आहे हे नियंत्रण कक्षाला पक्कं ठाऊक असतं.

भिवंडीत हा प्रश्न इतका टोकाचा का झाला, याचं उत्तर करांच्या इतिहासात आहे. मुंबईत जकात होती तोवर माल शहराच्या हद्दीबाहेर ठेवून लागेल तसा आत नेणं व्यापाऱ्यांना परवडत होतं. म्हणून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली अशा गावांच्या शेतजमिनींवर गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या गाळ्यांत माल किती मावेल याचा हिशेब झाला. गाडी कुठे वळेल आणि कुठे थांबेल याचा झाला नाही. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, राज्यांच्या सीमेवरचे कर तपासणी नाके उठले. दर राज्यात एक छोटं गोदाम ठेवण्याची गरज संपली आणि कंपन्यांनी अनेक गोदामं बंद करून मोजकी मोठी केंद्रं उभारली. मालवाहतुकीच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. मात्र जो भार आधी अनेक फाटकांवर विभागला जात होता, तो आता थोड्या फाटकांवर येऊ लागला. त्यात ठाणे आणि मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. बंदी उठली की गाड्या एकदम सुटतात आणि एकदम पोहोचतात. म्हणजे फाटकापर्यंत गाड्या समान अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात. पुढच्या सगळ्या विवेचनात हा मुद्दा लक्षात ठेवावा लागेल.

रांगांचं एक शास्त्र आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. डॅनिश अभियंता ए. के. एरलांग याने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी १९०९मध्ये त्याचा पाया घातला; फोनच्या किती तारा ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा त्याचा प्रश्न होता. १९६१मध्ये जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने एक साधा नियम सिद्ध केला. एखाद्या जागेत सरासरी किती जण असतील, हे दर तासाला किती जण येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती तास थांबतो, यांच्या गुणाकाराइतकं असतं. समजा, एका केंद्रात तासाला १० गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी आत ३ तास राहते. मग यार्डात कोणत्याही क्षणी सरासरी ३० गाड्या असणारच. मुक्काम ५ तासांचा झाला की ५० गाड्या होतात. मालक म्हणतो, यार्ड अपुरं पडतंय, शेजारची दोन एकर जमीन घेऊ. पण प्रत्येक गाडीचा मुक्काम एका तासाने कमी केला तर १० गाड्यांची जागा आपोआप मोकळी होते, आणि तीही भिवंडीच्या भावाने एक इंचही जमीन विकत न घेता. यार्डातली गर्दी हा बहुतेक वेळा क्षेत्रफळाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात तो मुक्कामाच्या लांबीचा प्रश्न असतो.

याच शास्त्रातला दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे आणि तो पटकन पटत नाही. डॉक कधी रिकामा राहू नये, माणसं आणि फोर्कलिफ्ट सतत कामात असावीत, ही व्यवस्थापकाची स्वाभाविक इच्छा असते, कारण त्याच्या कामाचं मोजमाप त्यावरच होतं. आता एकच डॉक आहे, गाड्या केव्हाही येतात आणि गाडी खाली करायला कधी कमी, कधी जास्त, सरासरी एक तास लागतो असं धरू. डॉक ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर गाडीला सरासरी ४ तास थांबावं लागतं. डॉक ९० टक्के व्यग्र झाला तर ९ तास. ९५ टक्के झाला तर १९ तास. डॉकचा वापर १५ टक्के-बिंदूंनी वाढला आणि वाट पाहणं जवळजवळ पाचपट झालं. डॉक अनेक असतील तर आकडे सौम्य होतात, पण चढण तशीच राहते: पूर्ण वापराच्या जवळ जाऊ लागलं की रांग अचानक उसळते. म्हणजे डॉकची जी 'कार्यक्षमता' कागदावर झळकते, ती फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या वेळातून आलेली असते. हीच गणितं उपायही सुचवतात. वरच्या उदाहरणात गाड्या केव्हाही न येता ठरावीक अंतराने आल्या, तर डॉक तितकाच व्यग्र ठेवूनही वाट पाहणं साधारण निम्म्यावर येतं. गाडीला आधीच वेळ देण्याची पद्धत, जिला यार्डाच्या भाषेत स्लॉट म्हणतात, तिची सगळी ताकद यात आहे. गाड्या कमी करायच्या नाहीत, डॉक वाढवायचे नाहीत. फक्त कोण केव्हा येणार हे आधी ठरवायचं.

तरीही जागा वाढवणं हाच उपाय आहे असं मानणाऱ्यांकडे एक भक्कम उदाहरण आहे आणि त्याची दखल घ्यायला हवी. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारे उरण तालुक्यातले रस्ते अनेक वर्षं उभ्या ट्रेलरांनी व्यापलेले असत. स्थानिक लोकांना त्याचा किती त्रास झाला आणि अंधारात उभ्या ट्रेलरवर दुचाकी आदळून किती घरांवर आघात झाले, हे त्या भागातला कुणीही सांगेल. बंदराने सुमारे ४५ हेक्टरांवर मध्यवर्ती पार्किंग प्लाझा उभारला. त्यात दीड हजारांच्या आसपास ट्रॅक्टर-ट्रेलर राहू शकतात. २०२०पासून निर्यातीच्या कंटेनरांची सीमाशुल्काची कागदपत्रंही तिथेच तपासली जाऊ लागली. जागा दिली आणि रस्ता मोकळा व्हायला मदत झाली, हे खरंच आहे. पण या प्रयोगाचं खरं महत्त्व ४५ हेक्टरांत नाही. जो वेळ नुसता उभं राहण्यात जात होता, त्या वेळात कागदांचं काम होऊ लागलं, आणि टर्मिनल तयार झाल्यावरच गाडी पुढे सोडायची असा क्रम लावता आला. म्हणजे रांगेला पत्ता मिळाला आणि क्रमांक मिळाला. हा क्रम नसता, तर तेच ४५ हेक्टर म्हणजे कुंपण घातलेली रांग झाली असती. गाडी किती वेळ उभी राहते हे न बदलता तिला उभं राहायला चांगली जागा देणं हे माणुसकीचं काम आहे आणि ते करायलाच हवं. त्याला व्यवस्थापन म्हणता येत नाही.

मुक्काम कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग असा, की थांबायचं असेल तर मालाने थांबावं, माणसाने आणि इंजिनाने थांबू नये. ट्रेलरचा पुढचा ओढणारा ट्रॅक्टर आणि मागचा माल वाहणारा भाग वेगळे करता येतात. चालक भरलेला ट्रेलर यार्डात सोडतो, पायांवर उभा करतो, हवेच्या आणि दिव्यांच्या जोडण्या काढतो, आणि तयार असलेला दुसरा ट्रेलर जोडून निघून जातो. सोडलेला ट्रेलर पुढे डॉकला लावण्याचं काम आवारातच फिरणारा एक छोटा, चपळ ट्रॅक्टर करतो. अमेरिकेतली मोठी वितरण केंद्रं अनेक दशकं याच पद्धतीवर चालली आहेत. माल आणि वाहन सुटं करण्याची कल्पना किती दूर जाऊ शकते याचा दाखला कंटेनरच्या जन्मातच आहे. माल्कम मॅकलीन हा मूळचा ट्रकवाहतूकदार. त्याच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या नेल्या आणि जगाचा व्यापार बदलला. गोदीत पोतं-पोतं उतरवण्यात गाड्यांचा दिवस जातो, मग गाडीचा डबाच उचलून का ठेवू नये, असा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे मात्र रस्त्यावरचे बहुसंख्य ट्रक एकसंध आहेत. वितरण केंद्रांत येणारी ३२ फुटी कंटेनर गाडी सुटी होत नाही, त्यामुळे माल थांबला की गाडी थांबते आणि गाडी थांबली की चालक थांबतो. डेल्हिव्हरीसारख्या कंपनीने लांबच्या मार्गांसाठी ट्रॅक्टर-ट्रेलर घेतले, रिव्हिगो या वाहतूक कंपनीने काही तासांनी चालक बदलण्याची पद्धत आणली. माणूस आणि माल यांना एकमेकांपासून मोकळं करण्याचेच हे दोन प्रयत्न होते.

सुट्या ट्रेलरची पद्धत आणताना परदेशी नकाशा जसाच्या तसा उचलून चालत नाही, हे इथे आवर्जून सांगायला हवं. अमेरिकेत यार्डातली वाहतूक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवतात. कारण तिथला चालक डाव्या बाजूला बसतो. डॉक डावीकडे ठेवून पुढे जायचं आणि मग डावीकडे मागे घ्यायचं, म्हणजे ट्रेलरची मागची बाजू त्याला खिडकीतून दिसत राहते. आपला चालक उजवीकडे बसतो. त्याच्यासाठी यार्ड घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायला हवं, नाहीतर मागे घेताना डॉककडची सगळी बाजू त्याला फक्त आरशातून दिसते, आणि गाडीमागे उभा असलेला हमाल किंवा क्लीनर दिसतच नाही. इमारतीचा आराखडा काढतानाच ठरवायची ही गोष्ट आहे. नंतर ती दुरुस्त करता येत नाही. ट्रेलर सुटा उभा असताना त्याच्या पुढच्या टोकाशी भरलेली फोर्कलिफ्ट गेली की पाय खचून ट्रेलर नाकावर आपटू शकतो, म्हणून पुढे आधार लावावा लागतो. डॉकला लावलेल्या गाडीच्या चाकांना ठोकळे हवेत. फोर्कलिफ्ट आत असताना चालकाने गाडी पुढे काढली तर ओटा आणि गाडी यांच्या मधल्या फटीत माणूस आणि यंत्र दोन्ही पडतात. चावी डॉकच्या माणसाकडे जमा करून घेणं हा त्यावरचा साधा, जवळजवळ फुकटचा उपाय आहे. यार्डातला वेग वाढवण्याची कोणतीही योजना या तीन गोष्टींशिवाय सुरू होता कामा नये.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. स्लॉट देणं, गाडीची जागा नोंदवणं, डॉकच्या वापरात थोडी मोकळीक ठेवणं, यांत कठीण असं काहीच नाही. मग ते सगळीकडे का होत नाही? कारण उभ्या गाडीचा खर्च गोदामाच्या वहीत दिसत नाही. तो गाडीमालकाचा फेरा बुडण्यात दिसतो आणि फेऱ्यावर पैसे मिळणाऱ्या चालकाच्या कमाईत दिसतो. अमेरिकी वाहतूक खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने जानेवारी २०१८मध्ये या खर्चाचा हिशेब मांडला. गोदामातल्या मुक्कामात सरासरी १५ मिनिटांची वाढ झाली की अपघाताचा संभाव्य दर ६.२ टक्क्यांनी वाढतो, आणि थांबवून ठेवल्यामुळे ट्रकवाहतूक क्षेत्रातल्या चालकांचं वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरांचं उत्पन्न बुडतं, असा त्यांचा अंदाज होता. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी थकलेला माणूस घाईने गाडी हाकतो, म्हणून यार्डातली दिरंगाई पुढे महामार्गावर अपघात होऊन बाहेर पडते. जिथे दोन तासांपुढे थांबण्याचे पैसे मागण्याचा रिवाज आहे, अशा देशातली ही स्थिती आहे. आपल्याकडे थांबण्याचे हे पैसे, म्हणजे हॉल्टिंग, मागितलं तरी ते मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी त्यातलं चालकाच्या हाती किती पडेल ते मालकावर अवलंबून. महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांची एक जुनी मागणी आहे: 'ज्याचा माल, त्याचा हमाल'. गाडी भरण्या-उतरवण्याची मजुरी, म्हणजे वाराई, ट्रकवाल्याच्या माथी का, असा तिचा सवाल आहे. हमालांच्या हक्कासाठी या राज्याने १९६९मध्येच माथाडी कायदा केला आणि त्यांची मजुरी ठरवून दिली; देशाला त्याचं कौतुक वाटलं. त्याच डॉकसमोर उभ्या असलेल्या चालकाच्या वेळेला मात्र तसा कोणताही आधार नाही. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता, आणि आपल्याकडचे बहुसंख्य गाडीमालक दोन-चार गाड्यांचे.

किंमत लावली की वागणं बदलतं, याचा पुरावा सिडनीच्या पोर्ट बॉटनीत मिळतो. तिथे बंदराबाहेर ट्रकांच्या रांगा लागत, टर्मिनलवाले ट्रकवाल्यांना दोष देत आणि ट्रकवाले टर्मिनलवाल्यांना. न्यू साउथ वेल्स सरकारने २०११मध्ये दोघांनाही बांधणारे नियम आणले. ठरलेल्या वेळी ट्रक आला नाही तर ट्रकवाल्याने दंड भरायचा. ट्रक वेळेवर आला आणि टर्मिनलने त्याला वेळेत मोकळं केलं नाही तर टर्मिनलने ट्रकवाल्याला पैसे द्यायचे. त्यानंतर ट्रकांच्या फेऱ्याला लागणारा वेळ घटला. या व्यवस्थेतली मोलाची गोष्ट दंडाची रक्कम ही नव्हेच. दंड दोन्ही बाजूंना होता, म्हणून दोन्ही बाजूंना खरी वेळ नोंदवण्यात स्वारस्य निर्माण झालं. आपल्याकडे अनेक केंद्रं उशिरा आलेल्या गाडीचे पैसे कापतात, पण वेळेवर आलेली गाडी दिवसभर उभी ठेवल्याबद्दल स्वतः काही देत नाहीत. अशा एकतर्फी स्लॉटवर चालकांचा विश्वास बसत नाही, आणि तो न बसणं रास्त आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्या रस्त्यांवर वेळ पाळणं अशक्य आहे. घाटात एक गाडी बंद पडली की सगळं वेळापत्रक कोसळतं. आक्षेप खरा आहे, पण त्यातून उलटाच निष्कर्ष निघतो. अनिश्चितता जितकी जास्त, तितकी आगाऊ माहितीची गरज जास्त. स्लॉट मिनिटाचा असायची गरज नाही. दोन तासांची खिडकी पुरते. फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा आहे, ई-वे बिलात गाडीचा क्रमांक असतो, बंदरातून निघणाऱ्या कंटेनरांवर २०१६पासून रेडिओ-टॅग लावले जात आहेत. गाडी तीन तास आधी कोणत्या टोलनाक्यावरून गेली हे कळू शकतं आणि उशीर होणार असेल तर तिचा स्लॉट दुसऱ्या गाडीला देता येतो. दुसरा आक्षेप छोट्या गाडीमालकांचा: जास्तीचे ट्रेलर, नवी यंत्रणा हे आम्हाला कसं परवडेल? सुट्या ट्रेलरांबाबत हा आक्षेप मान्यच करावा लागतो. ती पद्धत ठरलेल्या मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाच जमेल, सर्वांवर ती लादणं चूक ठरेल. पण स्लॉटसाठी छोट्या मालकाला साध्या फोनपलीकडे काही लागत नाही, आणि ज्याची एकच गाडी आहे त्याला एक फेरा वाचल्याचा फायदा सर्वांत जास्त होतो. तिसरा आक्षेप असा, की थांबण्याचे पैसे द्यावे लागले तर माल महाग होईल. तो खर्च आजही होतच आहे. गाडीमालक तो भाड्यात मिसळतो किंवा चालकाच्या पगारातून काढतो. तो उघड झाला तर कोणत्या गोदामात गाडी लवकर सुटते हे वाहतूकदाराला कळेल आणि त्या गोदामापर्यंतचं गाडीभाडं कमी लागेल.

चौथा आक्षेप फारसा लिहिला जात नाही, पण बोलला पुष्कळ जातो: चालकाला तेवढीच विश्रांती मिळते. या बोलण्याला स्पष्टपणे नकार द्यायला हवा. विश्रांती म्हणजे किती वेळ झोपता येईल हे माहीत असलेला वेळ. नंबर कधी लागेल हे ठाऊक नसलेला माणूस गाढ झोपू शकत नाही. रांग पुढे सरकली की गाडी सरकवावी लागते, हाक चुकली की नंबर जातो, गाडी सोडून गेलं तर डिझेल आणि ताडपत्री जाण्याची धास्ती. पुष्कळ आवारांत चालकांसाठी शौचालय नाही आणि प्यायचं पाणी फाटकापलीकडे आहे. ऑक्टोबर २०२५पासून नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण रस्त्यावरचे बहुतेक ट्रक जुने आहेत, आणि नव्या केबिनमध्येही थंडाव्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं, म्हणजे पुन्हा डिझेल मालकाचं आणि धूर वस्तीचा.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४मध्ये राज्याचं लॉजिस्टिक धोरण मंजूर केलं. मोठाल्या लॉजिस्टिक पार्कांना जमीन आणि सवलती देण्याचा त्यात विचार आहे. सवलत देताना सरकारला अट घालता येते. प्रत्येक पार्काने गाडी फाटकावर पोहोचल्याची वेळ, डॉकला लागल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ नोंदवावी, या तीन वेळा छापलेली पावती चालकाच्या हातात द्यावी, आणि दर महिन्याची सरासरी जाहीर करावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. पोर्ट बॉटनीसारखा दुहेरी दंड नंतर आणता येईल. आधी निदान मोजमाप सुरू व्हावं. ज्या कंपन्यांचा माल या गोदामांतून जातो, त्यांनीही आपल्या करारांत एक कलम घालावं: ठरल्या वेळी आलेली गाडी दोन तासांत मोकळी झाली नाही तर पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे, आणि त्यातला ठरलेला हिस्सा थेट चालकाला. राज्यातल्या वाहतूकदार संघटना वाराईसाठी ज्या चिकाटीने लढल्या, त्याच चिकाटीने त्यांनी या तीन वेळांच्या पावतीसाठी उभं राहावं. तोवर निदान चालकांनी आणि छोट्या गाडीमालकांनी फाटकावर पोहोचल्याची वेळ बिल्टीच्या मागे लिहून गोदामाचा शिक्का मागून घ्यावा; शिक्का नाकारला तर तेही त्याच बिल्टीवर लिहावं.